सातव्या माळेचा दिवा

माझं नाक तिखट आहे आणि त्यापायी माझी बदनामी झाली आहे. कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या इमारतीत मला सुनेत्रा म्हणून फारसं कुणी ओळखत नाही, कांदेवाली बाई म्हणून ओळखतात. मागच्या वर्षी जिन्यात गॅसचा वास आला म्हणून मी मजल्यामजल्यावर दारं ठोकली, लेकराबाळांसकट सगळ्यांना खाली उतरवलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. त्यांना सापडली चौथ्या मजल्यावर दाराबाहेर विसरलेली, सडून पाणी सुटलेली कांद्याची गोणी. तेव्हापासून आमचा हारिस अशरफ, म्हणजे इमारतीचा राखणदार, मी दिसले की दात काढून विचारतो, "मदाम, बसल?" बसल म्हणजे अरबीत कांदा. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. गॅसला मुळात वास नसतो. गळला तर माणसाला कळावं म्हणून त्यात कुजक्या कांद्यासारखा उग्र वास मुद्दाम घालतात. एवढं समजून घ्यायची तसदी त्या इमारतीत कुणी घेतली नाही, आणि कांदेवाली मी.

मी इथल्या एका हॉस्पिटलात बर्न्स वॉर्डची नर्स आहे. आमच्याकडे येणारं कुणीही सकाळी उठताना आज आपण भाजणार आहोत असं म्हणून उठलेलं नसतं. कुणी थंडीत वाळवंटात तंबू ठोकून आत शेगडी पेटवलेली असते. वफ्राच्या शेतावरचा एक मजूर आला होता, त्याने पत्र्याच्या खोलीत सिलिंडर उशाशी ठेवला होता, चोरी होऊ नये म्हणून. आणि एक बाई होती, तिला स्वयंपाकघरात कसला तरी वास आला. कसला ते बघायला तिने लाइट लावला. एवढंच केलं तिने. ती बाई माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मी घरी सिलिंडर बदलला की रेग्युलेटरवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघते. नळी जुनी होऊ देत नाही. झोपायच्या आधी कॉक बंद आहे का बघते, अंथरुणावर पडते, आणि उठून परत बघते. शरद, माझा नवरा, एका कंपनीत हिशेब तपासतो. तो म्हणतो, "मी दिवसभर ऑडिट करतो आणि घरी येऊन ऑडिटरच्या शेजारी झोपतो." ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणारी शेगडी घेऊ या म्हणून मी त्याच्या किती काळ मागे लागले होते. त्याचं उत्तर ठरलेलं, की शेगडी घरमालकाची, चालतेय ना, मग बघू नंतर. आठवीतली आमची रसिका तर मान वर न करताच म्हणते, "मॉम, यू आर स्निफिंग अगेन."

अशा घरात माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या आणि त्यांनी जाहीर केलं की यंदा घट इथेच बसवायचे, आणि नऊ दिवस अखंड दिवा ठेवायचा.

सासूबाई म्हणजे नर्मदाबाई. मिरजेजवळच्या एका गावच्या. सत्तरी कधीच ओलांडली आहे, पण नवरात्राचे उपवास अजून सोडत नाहीत. देवीवर त्यांची जितकी श्रद्धा तितकीच तपकिरीवर. कमरेच्या पिशवीत पितळी डबी, घटकाभरानं चिमूट नाकात. त्या तपकिरीने नाक इतकं मेलं आहे की अत्तर आणि फिनेल त्यांना सारखंच. आता सांगा, अशा बाईच्या ताब्यात मी नऊ दिवस पेटता दिवा देऊन ड्यूटीला कशी जाणार होते?

"आई, समई लावा, सकाळ-संध्याकाळ निरांजन लावा. पण रात्रंदिवस नको," मी म्हटलं.

"मग तो अखंड कसला? दिवा हाय घरात तर माणूस हाय घरात. मी कुठं फिरायला जातीया? राखीन की मी."

"नवस आहे का काही?"

"हाय."

"कसला?"

"नवस सांगायचा नसतो," त्या म्हणाल्या आणि डबीवर टिचकी मारली. तो विषय तिथे संपला.

शरद नेहमीप्रमाणे दोघींच्या मधून अंग चोरून निसटला. "तुमचं तुम्ही बघा. दोघी शहाण्या आहात." मग मी माझ्या अटी घातल्या. दिवा मागच्या छोट्या खोलीतच. पडदे काढायचे. दिव्याखाली परात, परातीत वाळू. त्या खोलीत दुसरं काही पेटवायचं नाही. आणि मी घरी नसताना स्वयंपाकघरात तळण अजिबात करायचं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एक स्वतःची भर घातली. वाऱ्याने दिवा फडफडतो म्हणून त्या खोलीची खिडकी चिकटपट्टीने बंद केली, पूर्ण घराचा एसी बंद करायला लावला, आणि दाराखालच्या फटीत जुना टॉवेल घट्ट गुंडाळून कोंबला. नवरात्रातसुद्धा इथे अंगाची काहिली होते. घरात सगळे घामाने निथळत होतो.

"आई, तो टॉवेल काढा. खोलीत हवा खेळायला हवी. दिव्यालाही हवा लागते आणि तुम्हालाही."

"मला मिरजंच्या उन्हाची सवय हाय. आन् दिव्याला वारा सोसत न्हाई. तूबी बेल वाजवून येत जा. एकदम दार उघडतीस, वारा सुटतो. बेल वाजली की मी आडोसा करून बसती."

त्या टॉवेलवरून आमचे रोज खटके उडत. मी काढून ठेवायचे, त्या परत कोंबायच्या. तिसऱ्या माळेपर्यंत मी दमले आणि नाद सोडला. पण झोप उडाली ती उडालीच. डोळा लागला की वाटायचं, वात पडली असेल, परात कलंडली असेल. उठून बघावं तर दिवा शांतपणे तेवत असायचा आणि चटईवर सासूबाईही शांतपणे घोरत असायच्या. वॉर्डात मी उभ्या उभ्या पेंगायला लागले. एकदा ड्रेसिंगचा ट्रे हातातून पडला आणि हेडसिस्टर माझ्याकडे असं काही बघून गेली की सांगायची सोय नाही. मला त्या दिव्याचा राग यायला लागला होता. देवाच्या दिव्याचा राग येणं बरं नव्हे हे कळत होतं, तरी यायचा.

सातव्या माळेला घटावर कडाकण्या बांधायच्या होत्या. तळणाला माझी बंदी, म्हणून सलव्याला राहणाऱ्या एका कोल्हापूरच्या बाईंना मी त्या करायला सांगितल्या होत्या. सकाळी ड्यूटीला निघताना सासूबाईंनी विचारलं, "नैवेद्याला बासुंदी तर करू दे? दूध आटवायला तर तुझी हरकत न्हाई ना?"

"दूध चालेल," मी म्हटलं. दुधात काय जळणार आहे?

ड्यूटी संपवून सलव्याहून कडाकण्यांचा डबा घेतला आणि गर्दीतून वाट काढत फिंतासला पोचेपर्यंत सूर्य खाली गेला होता. शरद ऑफिसात होता, रसिका क्लासला. अशरफ खाली खुर्ची टाकून बसला होता. त्याने माझ्या हातातला डबा पाहिला आणि विचारलं, "बसल?" मी त्याच्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरले.

सातव्या मजल्यावर आमच्या दाराशी आले, डबा काखेत धरला आणि नियमाप्रमाणे बेलकडे बोट नेलं. तेवढ्यात वास आला.

बोट बेलच्या बटणापासून नखभर अंतरावर थांबलं. मी ते हळूच मागे घेतलं, जणू बटणच मला चावणार होतं. परत वास घेतला. कांदा? शेजाऱ्यांच्या दाराकडे जाऊन हुंगलं, तिथे काही नव्हतं. मग खाली वाकले आणि आमच्या दाराच्या फटीशी नाक नेलं. वास तिथूनच येत होता, खालून. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो धुरासारखा छताला जात नाही. तो जमिनीवर पसरतो आणि सरपटत जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. आणि घरात जमिनीवर, परातीतल्या वाळूवर, माझ्या सासूने सात दिवस दिवा तेवत ठेवला होता.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. वॉर्डात मी भल्याभल्यांना धीर देते, पण तिथे आग लागून गेलेली असते. ही लागायची होती.

फोन करावा तर सासूबाईंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. तो वाजला की त्या उठून बाहेर येणार, तो उचलणार. बेल वाजवली तर बेलची ठिणगी घरातच पडणार. ठोठावलं तरी त्या दार उघडायला बाहेर येणारच. आणि काहीच केलं नाही तरीही त्या बाहेर येणार होत्या, कारण सूर्य बुडत होता. गावाकडे लहानपणापासून त्यांना बांग ऐकली की दिवेलागण करायची सवय. इथे आल्यावर त्यांना त्याचाच काय तो आनंद झाला होता. समोरच्या मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग आली की त्या पोथी मिटत, खोलीचं दार उघडत, स्वयंपाकघरात जात आणि लाइट लावत. रोज. त्यात कधी खंड नाही.

पर्स, फोन, कडाकण्यांचा डबा, चपला, सगळं मी बाहेर जिन्यापाशी ठेवलं. किल्ली कुलुपात इतकी हळू फिरवली की माझी मलाच ऐकू आली नाही. दार पूर्ण उघडं टाकलं आणि श्वास रोखून आत गेले.

स्वयंपाकघरात शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळलं होतं आणि बर्नरवर त्याची पिवळट साय धरली होती. ज्योत कधीच विझली होती, आणि मोठ्या बर्नरचं बटण तसंच चालू होतं. रेग्युलेटर ठीक, नळी ठीक, साबणाचा फेस लावून तपासलेलं सगळं ठीक. दुधाने घात केला. मी बटण बंद केलं, ओट्याखालचा कॉक बंद केला. शेजारी फ्रिज घुरघुरत होता. तो मधूनच टक् करून बंद होतो आणि टक् करून चालू होतो, इतकी वर्षं मी त्या आवाजाकडे लक्षही दिलं नव्हतं. आता त्याचा प्लगही काढता येत नव्हता, कारण काढतानाही ठिणगी पडू शकते. मी बाल्कनीचं दार सरकवलं, हॉलच्या खिडक्या उघडल्या. बाहेर वाऱ्याचं नाव नव्हतं. रोज समुद्रावरून भणाणता वारा येतो, आणि आजच पान हलत नव्हतं.

किती गॅस साचला होता? भडका उडेल इतका, की नुसतं डोकं दुखेल इतका? मला माहीत नव्हतं. मोजायचं यंत्र माझ्याकडे एकच होतं, आणि त्याची ख्याती सगळ्या इमारतीला ठाऊक होती.

मी मागच्या खोलीशी आले. दार बंद. खाली टॉवेल घट्ट कोंबलेला. ज्याच्यावरून मी तीन दिवस भांडले, तो टॉवेलच गॅसला दिव्यापाशी जाऊ देत नव्हता. किल्लीच्या भोकातून दिव्याचा पिवळा ठिपका दिसत होता. आतून सासूबाईंचा हलका घोरण्याचा आवाज येत होता. पोथी वाचता वाचता उपवासाच्या थकव्याने त्यांचा डोळा लागला होता, म्हणून दूध राहिलं होतं.

आणि त्याच क्षणी बांग सुरू झाली.

आतलं घोरणं थांबलं. पोथी मिटल्याचा आवाज आला. "अगं बाई, दूध!" असं त्या पुटपुटल्या आणि गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. मी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या अंगाने मागे ओढली. दुसऱ्या क्षणी पलीकडून मूठ फिरली आणि दाराला हिसका बसला.

"कोण हाय? दार कुणी धरलंय?"

"आई, मी आहे. सुनेत्रा. दार उघडू नका."

"बेल न्हाई वाजवलीस? आन् दार का धरलंयस गं? दूध हाय गॅसवर, सोड."

"दूध उतू गेलं. ज्योत विझलीय आणि गॅस घरभर झालाय. तुम्ही दार उघडलंत तर तो दिव्यापाशी येईल. आई, आधी दिवा विझवा."

"असं बोलू नये!" त्या दरडावून म्हणाल्या. गॅसचं त्यांना काही नव्हतं, शब्दाचं होतं. "दिवा विझवा म्हणतीस? सणासुदीचं?"

"बरं, शांत करा! काय म्हणायचं ते म्हणा, पण करा!"

दाराला आणखी एक हिसका बसला. बाईच्या हातात अजून चांगलीच ताकद आहे, दळण दळलेले हात आहेत ते. "मला कसलाच वास येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला तपकिरीपुढे कसला येणार!"

"पहिल्या दिवसापास्नं तुला हा दिवा नको हाय. आधी टावेल काढ म्हणालीस. आता दिवाच घालव म्हणतीस. आज सातवी माळ हाय, सुनेत्रा. दोन माळा ऱ्हायल्यात. मागल्या खेपेगत कांदा असंल बघ कुठंतरी."

कांदा! मला त्या दारावर डोकं आपटावंसं वाटलं. पाच वेळा खोटं बोललेल्या माणसावर लोकांचा विश्वास बसत नाही, इथे मी एकदा चुकले होते आणि तेही चांगुलपणाने. मुठीवर माझे हात घामाने निसटत होते. मागे फ्रिज घुरघुरत होता. आणि अशा वेळी डोक्यात काय यावं? सासू आणि सून, घरात दोघीच, गॅस, आणि सुनेने बाहेरून दार धरून ठेवलेलं. या गोष्टीत एरवी जळते ती सून असते. काही झालं असतं तर गावाकडे लोक काय बोलले असते ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मला त्या लोकांचाही राग आला, आणि अशा वेळी ते मनात आणणाऱ्या माझाही.

"आई, ऐका. मी कांद्याच्या वेळी चुकले. आजही चुकत असेन. चुकले तर तुमचा दिवा जाईल आणि पाप माझ्या डोक्यावर. पण बरोबर असले तर?"

दाराचा ओढा थांबला. मग त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "तू कुठं उभी हायस?"

"इथेच. दाराशी."

"आन् गॅस कुठं हाय म्हणालीस?"

"इथेच. माझ्या पायाशी."

"मग तू कशाला थांबलीयास? तू भाईर जा की! रसिकाची आई हायस तू!"

"दिवा जळतोय तोवर मी इथून हलणार नाही."

"सुनेत्रा, जा म्हणती ना!"

"नाही जात."

बांग संपली. घरात फ्रिजखेरीज कसलाच आवाज नव्हता. मी किल्लीच्या भोकाशी डोळा लावला. पिवळा ठिपका तसाच होता. मग त्याच्या आड सावली आली. सासूबाई दिव्यापाशी बसल्या असाव्यात. "आई अंबाबाई," एवढंच ऐकू आलं, पुढचं त्या मनात म्हणाल्या. दिवा तोंडाने फुंकायचा नसतो, फुलाने शांत करायचा असतो. पण त्या फुलासाठीही थांबल्या नाहीत. चुर्र असा बारीक आवाज आला, त्यांच्या तोंडून एक कण्हणं आलं, आणि तो ठिपका गेला.

"झाला शांत," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचं सगळं मी वॉर्डात करते तसं केलं, हात आपोआप चालत होते. त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. हॉल ओलांडताना त्यांचा हात सवयीने लाइटच्या बटणाकडे गेला, तो मी धरून खाली आणला. लिफ्ट टाळली, जिन्यानेच उतरलो. प्रत्येक मजल्यावर मी दारं ठोकली. दोन-तीन घरांतून "परत?" असं आलं, पण माणसं उतरली. अशरफ खुर्चीवरून उठला, बसल म्हणायला तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून ते तसंच मिटलं. मग तो पठ्ठ्या धावत गेला आणि इमारतीचा वीजपुरवठा तळघरातून बंद करून आला. जिन्यापाशी ठेवलेला फोन मी उतरताना उचलला होता, पण अग्निशमन दलाला फोन केला तो फुटपाथवर गेल्यावरच.

अग्निशमन दलाची माणसं यंत्रं घेऊन वर गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने अशरफला अरबीत काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. अशरफने त्याच्या तोडक्या हिंदीत मला सांगितलं, "मदाम, बोलता है किचन में बहोत गॅस था. बत्ती जलाता तो खलास." एवढं बोलून त्याने मान खाली घातली. शरद तोवर धापा टाकत आला होता. तो काही विचारणार इतक्यात मी म्हटलं, "उद्या नवीन शेगडी येईल. मालकाची नाही, आपली." त्याने लगेच मान डोलावली. एवढ्या वर्षांत तो एकदाही इतक्या लगेच तयार झाला नव्हता.

घर नीट मोकळं झाल्यावर, वीज आल्यावर आम्ही वर गेलो. स्वयंपाकघरात मी सासूबाईंचा हात हातात घेतला तेव्हा कळलं. अंगठा आणि शेजारचं बोट लालबुंद झालं होतं, टोकाला फोड धरला होता. त्यांनी पेटती वात चिमटीत धरून चिरडली होती.

"तूप लाव थोडं, बरं वाटंल," त्या म्हणाल्या.

"तूप कसलं लावता! अशाने भाजलेलं आणखी भाजतं." मी नळ सोडला आणि त्यांची बोटं थंड पाण्याच्या धारेखाली धरली. "हलवू नका. मी सांगेपर्यंत काढायचा नाही हात."

पाणी वाहत होतं. हात तसाच धारेखाली धरून त्या म्हणाल्या, "गेली गं आता तुझी झोप."

"कसली झोप?"

"नवस मोडला न्हाई का. आता सांगायला हरकत न्हाई." त्या नळाकडे बघत बोलत होत्या. "मी आल्यापास्नं बघती. रातचं चार-चार येळा उठतीस, गॅस बघतीस, दार बघतीस, पोरीच्या नाकापाशी हात धरून श्वास बघतीस. तिथं हास्पिटलात काय काय बघतीस देव जाणं, आन् ते समदं घरी घेऊन येतीस. म्हणलं, आई अंबाबाई, नऊ दिवस तुझा दिवा राखती, माझ्या सुनंला झोप दे."

त्या दिव्यापायी मी सात दिवस डोळ्याला डोळा लावला नव्हता, आणि तो दिवा माझ्या झोपेसाठी लावला होता. मला हसू यायला हवं होतं. पण रडू आलं, आणि नळ चालू होता म्हणून बरं, असं वाटलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझा गाल पुसला. त्या हाताला तपकिरीचा वास होता. मला जोरात शिंक आली आणि मग मात्र आम्ही दोघीही हसलो.

बोटांना मलमपट्टी झाल्यावर मी विचारलं, "आता दिव्याचं काय करायचं?"

"खंड पडला. पडला तर पडला. पण देवीला अंधारात बसवायचं न्हाई." त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी नवी वात वळली, तेल घातलं, पाटावर बसल्या. कोपऱ्यात तो टॉवेल पडला होता. तो त्यांनी घडी करून बाजूला ठेवला आणि दाराची फट तशीच मोकळी राहू दिली. मग काड्यापेटी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"वास बघ आधी."

मी खोलीत फिरले. दाराशी वाकले, मग जमिनीवर ओणवी झाले आणि फरशीशी नाक नेऊन घेतला तेवढा वास घेतला. तिथून स्वयंपाकघरात गेले, ओट्याखाली, सिलिंडरपाशी, सगळीकडे. दारात क्लासहून आलेली रसिका उभी होती, आज मान वर करून माझ्याकडे बघत. परत आले तेव्हा सासूबाई तशाच बसून होत्या, काड्यापेटी मिटलेली, माझ्या तोंडाकडे बघत.

"काही नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. "मग तूच लाव. माझी बोटं भाजल्यात."